मूत्रपिंडांना काय माहीत

चि. मन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास तेव्हाच ठरवलं, गोळ्यांचा विषय पुन्हा काढायचा नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच. तुझ्या हृदयाचा नवा इको पाहिला. दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा २५ वरून ५२! आईनं तो कागद उशाखाली ठेवलाय. मीही दोनदा चष्मा पुसला.

पण बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्यास, ते काही गळी उतरत नाही. हृदय दुबळं पडलं तेव्हा तुझ्या मूत्रपिंडांना वाटलं, अंगातलं रक्तच वाहून गेलं. पंप थकलाय हे त्यांना काय माहीत! त्यांनी रेनिन नावाचं रसायन सोडलं, त्यापुढे अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळल्या, अल्डोस्टेरॉननं मीठ-पाणी धरून ठेवलं. वर नॉरॲड्रेनलिनचा, म्हणजे घाबरल्यावर हृदय पळवणाऱ्या रसायनाचा, चाबूक. जखमी माणसाला ही धावपळ काही तास तारते. महिनोन्महिने चालली की हृदय फुगतं, आतून निबर होतं. गोळ्या ही धावपळच रोखतात.

सात वर्षांचा असताना चोर आला म्हणून तू दाराला टेबल, खुर्च्या, माझी सगळी पुस्तकं लावली होतीस. चोर नव्हताच. सकाळी आम्हालाच बाहेर पडता येईना, आणि तू त्या ढिगाऱ्यावर गाढ झोपलेला, मुठीत फूटपट्टी. काका अजून हसतो.

काय सांगत होतो? हां, बीटा ब्लॉकर, तो चाबूक अडवणारं औषध. मी शिकवायला लागलो तेव्हा अशा रुग्णाला ते देणं घातक मानायचे. १९९९ च्या मोठ्या चाचण्यांनंतर मला माझ्याच वह्या खोडाव्या लागल्या. आणि २०१८ साली तुझ्यासारख्याच, हृदय सुधारलेल्या ५१ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांची औषधं हळूहळू बंद केली, त्यांतल्या ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. ज्यांची चालू होती, त्यांच्यात एकाचाही नाही. तीही डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत बंद केलेली, रे. तू तर एका रात्रीत सोडल्यास.

पुन्हा वर्ग घेतला. चुकलं. तू आजारपणात जे सोसलंस, ते मला जमलं नसतं.

चक्कर येते म्हणालास, तर डोस कमी होतो का ते डॉक्टरांना विचार. उद्याच विचार. रोज सकाळी वजन करतोस ना? दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर आधी त्यांना फोन कर. मग मला. रात्री असला तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. आईला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, तू घेतोयस.