जोडसूत्रांना दिशा हवी

मा. संपादक,

गूढ शब्दकोड्यात, म्हणजे सरळ अर्थाबरोबर शब्दखेळातूनही उत्तर सुचवणाऱ्या कोड्यात, एखाद्या सूत्रात दुसऱ्याच घराचा (उत्तराच्या चौकोनांच्या पट्टीचा) आकडा दिसला की बरेच वाचक ते शेवटासाठी ठेवून देतात. पण अशा जोडसूत्रात दोन्ही टोकांनी शिरता येते. समजा, ९ आडव्याचे सूत्र आहे : '४ उभा उलटा वाहिला की गरीब (२)'. ४ उभा सुटला नसला तरी अडत नाही. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, 'गरीब' आहे. दोन अक्षरांत 'दीन' सुचला की तो उलटून 'नदी' मिळते आणि 'वाहिला' हा शब्द त्याला दुजोरा देतो. मग ४ उभ्याचे सूत्र पडताळ्यापुरतेच वाचायचे. तो पडताळा होईपर्यंत दोन्ही उत्तरे पेन्सिलीनेच लिहावीत, कारण इथे एक चुकले की दुसरेही चुकते.

म्हणी अनेक घरांत विभागल्या जातात तेव्हा घोळ जास्त होतो. '७, २, १५, १० : पायांचा दोष जमिनीवर ढकलणारे बोल (३,३,३,३)', म्हणजे 'नाचता येईना अंगण वाकडे'. शब्द भरायचे ते सूत्रातल्या आकड्यांच्या क्रमाने : 'नाचता' ७ मध्ये, 'येईना' २ मध्ये. चारही शब्द तीन अक्षरी असल्याने अदलाबदल झाली तरी ते बिनबोभाट बसतात. बिघडतात ते त्यांना छेदणारे शब्द. कधी कंसातले आकडे आणि घरांची लांबी जुळतही नाही. 'अति तेथे माती'ला (२,२,२) असते, पण तीन-तीन चौकोनांच्या दोन घरांत ती 'अतिते' आणि 'थेमाती' अशी तुटते. म्हणून आधी सगळ्या घरांचे चौकोन एका ओळीत कागदावर मांडावेत, मिळालेली अक्षरे त्यांत लिहावीत आणि मगच शब्द कुठे संपतो ते पाहावे.

'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकामध्ये अरॉकेरिया या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम यांनी जानेवारी २०१३ मध्ये स्वतःच्या आजाराची बातमी अशाच आकड्यांतून वाचकांना दिली. आपल्याला '१९ चा १८ उभा' झाला आहे, असे त्यांनी कोड्याच्या माथ्यावर लिहिले. उत्तरे निघाली अन्ननलिका आणि कर्करोग. एवढे वजन पेलणारा हा प्रकार आहे, त्याची छपाईही तितकीच काटेकोर हवी.

आकडा नेहमी दुसऱ्या घराचाच असतो असेही नाही. '७ पुढे क, सुरांचा समूह (३)' यात ७ म्हणजे 'सप्त' आणि उत्तर 'सप्तक'. ७ आडवा व ७ उभा दोन्ही असताना सूत्रात दिशा नसेल, तर आधी हीच शंका घ्यावी. पण ही कसोटी चालते ती दिशा काटेकोरपणे छापली तरच. म्हणून विनंती अशी, की जिथे एकाच आकड्यापासून दोन्ही दिशांना शब्द निघतात तिथे संदर्भ देताना 'आडवा' किंवा 'उभा' अवश्य छापावे. आणि विभागलेल्या उत्तराची पूर्ण अक्षरसंख्या पहिल्या सूत्रापाशीच द्यावी, उरलेल्या घरांसमोर फक्त 'पहा' पुरे.

– एक शब्दकोडेप्रेमी वाचक