पोस्टर कलरला ‘शाळेचे रंग’ म्हणून हिणवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या दैनिकात चित्रकला शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात. यंदा त्यांत मोठ्या माणसांसाठीचे वर्गही दिसले, याचा मला मनापासून आनंद झाला. मी चित्रकला शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या लालबागमधल्या इमारतीत, मंडळाच्या खोलीत, रविवारी सकाळी शेजारपाजारच्या मोठ्या माणसांना ब्रश धरायला शिकवते. पैसे घेत नाही. त्या अनुभवावरून हे पत्र लिहिते आहे.

आमच्याकडे येणाऱ्या एक वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या आणि हौसेनं एका वर्गाला गेल्या. नातवाचे पोस्टर कलर घेऊन गेल्या होत्या. तिथं त्यांना पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं की हे शाळेचे रंग आहेत, हे घरी ठेवा. पारदर्शक जलरंगाच्या परदेशी ट्यूब आणा, कॉटनचा कागद आणा, आणि पांढरा रंग तर डब्यातून काढूनच टाका. मग समोर बनारसच्या घाटाचं तयार चित्र ठेवलं आणि त्याची नक्कल करायला लावली. महागडा कागद दोनदा चिखल झाल्यावर वहिनींनी वर्ग सोडला. ‘माझ्या हातात कला नाही,’ असं त्या मला म्हणाल्या. मला त्याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पारदर्शक जलरंगाबद्दल मला आदर आहे. महाराष्ट्रातल्या चित्रकारांनी त्यात जे करून ठेवलं आहे त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण त्या माध्यमात उजेड कागदाचा असतो. तो आधी राखावा लागतो, आणि एकदा झाकला गेला की परत मिळवणं कठीण. म्हणजे पहिला फटकारा मारण्याआधी शेवटचं चित्र डोक्यात तयार हवं. ज्यानं दहावीनंतर ब्रश धरलेला नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा का करायची? अपारदर्शक जलरंगात, म्हणजे ग्वाशमध्ये, गडदावर उजळ रंग चढतो. चुकलेली भिंत वाळू द्यावी आणि वरून पुन्हा रंगवावी. नवशिक्याला हवा असतो तो हा मोकळेपणा. आणि आपल्याकडे घरोघरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांच्या निमित्तानं पडून असलेले पोस्टर कलर हे याच घराण्यातले आहेत. रंगाची पूड, पाण्यात विरघळणारा डिंकासारखा चिकट पदार्थ, आणि झाकण्याची ताकद. फरक आहे तो दर्जाचा, त्याबद्दल पुढे लिहिते.

हे माध्यम कमी प्रतीचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांसमोर उभं राहावं. मुघल, राजस्थानी, पहाडी, दख्खनी, सगळी डिंकात कालवलेल्या अपारदर्शक रंगांत केलेली. एखाद्या राणीच्या गळ्यातला मोत्यांचा सर जवळून पाहा. एकेक मोती म्हणजे सफेद्याचा दाट, किंचित उंच राहिलेला ठिपका आहे. बाजूनं पाहिलं तर त्याची उंची कळते. पांढरा डब्यातून काढून टाकला असता तर ते मोती कुठून आले असते? चित्रकार सय्यद हैदर रझा १९४०च्या दशकात मुंबईत होते, तेव्हा त्यांनी इथले रस्ते जलरंगात आणि ग्वाशमध्येच रंगवले. फ्रेंच चित्रकार आन्री मातिस म्हातारपणी कागद कापून चित्रं करू लागला, तेव्हा त्याचे सहायक आधी ते कागद ग्वाशनं सपाट रंगवून द्यायचे. आणि आपल्या जे. जे. कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकलेल्या कुणालाही विचारा, पोस्टर कलरचा सपाट, एकसारखा पॅच जमेपर्यंत त्यांनी किती कागद खर्ची घातले. हा रंग वाळल्यावर चमकत नाही, म्हणून छपाईसाठी मूळ चित्राचा फोटो काढताना तो सोयीचा पडायचा. जाहिरातीच्या आणि मुखपृष्ठांच्या कामात तो रुजला तो या गुणामुळे.

आता शिकवण्याबद्दल. चोवीस रंगांचा संच नवशिक्याच्या हातात देऊ नये. पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) एवढे पुरे आहेत. पांढऱ्याची बाटली मात्र मोठी घ्यावी, कारण तो सगळ्यांत आधी संपतो. काळा सुरुवातीला नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना समसमान कालवले की पुरेसा काळोख मिळतो, त्यात पांढरा घातला की जुलैतल्या मुंबईच्या आभाळाचा राखाडी मिळतो, आणि निळा थोडा वाढवला की तेच आभाळ थंड होतं. एका जोडीतून इतकं निघतं हे पाहून माणसांचे चेहरे खुलतात. ब्रश तीन: अर्धा इंची चपटा, सहा नंबरचा गोल आणि रेघेसाठी दोन नंबरचा, सिंथेटिक केसांचे. राठ केसांचा ब्रश खालचा थर उकरतो. पॅलेट म्हणून चिनी मातीची पांढरी बशी उत्तम. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला. हा नियम मी अजिबात सोडू देत नाही.

खरी मेख पाण्यात आहे. पहिला थर ताकासारखा पातळ आणि शेवटचा श्रीखंडासारखा दाट, एवढं मी सांगते. पातळ थरात वस्तूंच्या जागा आणि सावल्या ठरतात, मधल्या थरात मोठे सपाट भाग बसतात, दाट रंग फक्त शेवटच्या उजेडासाठी. उलट केलं तर जाड थर वाळताना तडकतो. आणि वाळलेला ग्वाश पाणी लागताच पुन्हा जागा होतो, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं लागतं. वरचा थर देताना ब्रशमध्ये रंग भरपूर आणि पाणी कमी असावं, एक फटकारा मारावा आणि हात उचलावा. घासलं की खालचा रंग वर येतो आणि दोन्ही मिळून चिखल होतो. हाच गुण उपयोगाचाही आहे: ओल्या स्वच्छ ब्रशनं कड हलकेच पुसली की ढगाची किंवा गालाची कड मऊ होते. ब्रश जवळजवळ कोरडा करून फिरवला की जुन्या भिंतीचा खरबरीतपणा येतो; चाळींच्या भिंती रंगवायला याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, वाळल्यावर रंग बदलतो. उजळ छटा थोड्या गडद होतात, गडद छटा थोड्या फिकट. हे सांगून कुणाला पटत नाही, करूनच पाहावं लागतं. आमच्या रविवारच्या मंडळींत एक काका आहेत, तरुणपणी गिरणीच्या रंगखात्यात कामाला होते. त्यांना हे एका वाक्यात समजलं, कारण ओल्या कापडावरचा रंग आणि वाळलेल्या कापडावरचा रंग वेगळा असतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. प्रत्येक छटा आधी कागदाच्या तुकड्यावर लावायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मगच चित्रात घ्यायची, ही सवय त्यांनीच बाकीच्यांना लावली. शिवाय ते रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवतात. अर्ध्यात संपला तर तीच छटा पुन्हा जुळवणं फार कठीण जातं, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

या काकांनी समोरच्या चाळीची गॅलरी रंगवली त्याबद्दल सांगते, कारण नक्कल सोडून समोर दिसतं ते रंगवलं की काय होतं ते त्यात आहे. दुपारी चारचं ऊन तिरपं येतं, गॅलरीचा वरचा भाग सावलीत, खालची भिंत उन्हात, आणि दोरीवर एक पांढरा सदरा. काकांनी अख्खी सावली एकाच जांभळट राखाडी रंगानं भरली. त्यात खांब नाही, दार नाही, काही नाही. मग उन्हातली भिंत यलो ऑकर आणि पांढऱ्यात. ती वाळल्यावर लाकडी कठड्याचे गज वरून दाट रंगानं ओढले, एकेक गज एका दमात. शेवटी सदरा. ते पांढऱ्याच्या बाटलीकडे हात नेणार तेवढ्यात मी त्यांना एका कागदाला बारीक भोक पाडून त्यातून तो सदरा पाहायला सांगितला. सावलीतला पांढरा सदरा निळसर राखाडी दिसत होता, खालच्या भिंतीपेक्षा बराच गडद. काका बराच वेळ भोकातून पाहत राहिले. मग त्यांनी सदरा निळसर राखाडीच रंगवला आणि फक्त खांद्यावर, जिथं ऊन पडलं होतं तिथं, शुद्ध पांढऱ्याची एक बोटभर पट्टी दिली. तेवढ्यानं सगळी गॅलरी उन्हात आली. ते चित्र पाहायला चाळीतली माणसं आली आणि सदऱ्याचा मालकही आला.

पोस्टर कलरच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्वस्त संचातले काही गुलाबी आणि जांभळे रंग उन्हानं उडतात, आणि त्यांच्यावर पांढरा दिला तर खालून फुटून त्याला गुलाबी करतात. रंगाची पूड कमी आणि भरणा जास्त असेल तर मिश्रणं खडूसारखी फिकट पडतात. म्हणून ज्याला गोडी लागली त्यानं हळूहळू चांगल्या ग्वाशकडे वळावं. सगळा संच एकदम न घेता, जो रंग संपेल त्याची चांगली ट्यूब घ्यावी. पांढऱ्यापासून सुरुवात केली तर फरक लगेच दिसतो. पण पाण्याचं प्रमाण, थरांचा क्रम, उजळ-गडदाची पारख हे सगळं शाळेच्या बाटल्यांवर शिकून होतं.

मुंबईच्या हवेबद्दल मात्र कुठल्याच वर्गात सांगत नाहीत. पावसाळ्यात थर वाळायला वेळ लागतो, घाई केली की दोन थर एकमेकांत जातात. पंखा लावून थांबावं, किंवा एका वेळी दोन चित्रं सुरू ठेवावीत. मे महिन्यात उलट, पंख्याखाली बशीतला रंग बघता बघता सुकतो, तेव्हा त्यावर पाण्याचा फवारा मारत राहावा. कागद फुगू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून फळीवर पक्का करावा, निदान तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, जाड असला तर उत्तम. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय वहीत मिटू नये, नाहीतर श्रावणापर्यंत त्यावर बुरशी येते. फ्रेम करताना मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालावा, काच रंगाला टेकू देऊ नये. आणि वर वॉर्निश लावू नका, या रंगाचा मॅट देखणेपणा त्यानं जातो आणि छटा गडद होतात.

आता मागणी. महापालिकेच्या शाळांच्या इमारती रविवारी बंद असतात. आमच्या मंडळाची खोली गणपतीच्या आधी दोन महिने सामानानं भरते, तेव्हा आम्ही जिन्यात बसून चित्रं काढतो. प्रत्येक विभागात एका शाळेचा एक वर्ग रविवारी सकाळी तीन तास मोठ्या माणसांना चित्रकलेसाठी खुला करावा. निवृत्त चित्रकला शिक्षक मुंबईत भरपूर आहेत आणि त्यांतले अनेक जण विनामूल्य शिकवायला तयार होतील. माझ्या ओळखीच्या शिक्षकांशी मी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. शिकवताना नकलेसाठी बनारसचा घाट नको, खिडकीतून दिसेल ते, टेबलावर ठेवलेला कांदा, स्टीलचा डबा, एवढंच असू द्या. आपल्या दैनिकानं हा विषय पालिकेच्या शिक्षण विभागापर्यंत पोचवावा, ही विनंती. टेबलं, नळाचं पाणी आणि चालू पंखा एवढं शाळेनं द्यावं. रंग आणि ब्रश ज्याचे त्यानं आणायचे, जाताना वर्ग आम्ही झाडून देऊ.

वहिनी आता दर रविवारी येतात. नातवाचे पोस्टर कलर संपले, गेल्या आठवड्यात त्यांनी पांढऱ्याची मोठी बाटली स्वतःसाठी घेतली.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
लालबाग, मुंबई