लॅपटॉप पाठवच, पण आधी तू ये

चिपळूण,
८ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या कंपनीतून निघणारे जुने लॅपटॉप आमच्या संस्थेला द्यायचे आणि सोबत पुण्याच्या कुणा प्रशिक्षकांचा दोन दिवसांचा वर्ग लावून द्यायचा, असं तुझ्या मनात आहे. लॅपटॉप पाठव, नाही म्हणणारा मी कोण! वर्गाचं मात्र जरा थांबव.

आमच्याकडच्या बऱ्याच ताईंनी एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा कोर्स केलंय. २००१ पासून तो कोर्स गावोगावी चालू आहे आणि वाईट मुळीच नाही. पण परीक्षेनंतर संगणकाला हातच लागला नाही, तर काय राहणार? प्रमाणपत्र फायलीत आणि लाभार्थ्यांची यादी पुन्हा रजिस्टरात. वर्गात कुणा काल्पनिक विद्यार्थ्यांचे गुण बेरजेला घेतात. आमच्या ताईला बचतगटाचं व्याज काढायचं असतं.

म्हणून यंदा आम्ही संस्थेचंच काम शिकायला घेतलं. ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळण्याची मान्यता, असलेल्या संस्थांना २०२१-२२ पासून देणगीदारांचं विवरण १०-बीडी फॉर्मात ३१ मेच्या आत भरावं लागतं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि विवरण भरल्याशिवाय देणगीदाराला सवलतीसाठी लागणारं १०-बीई प्रमाणपत्र मिळत नाही. आजवर हे सगळं सीएच्या ऑफिसात जायचं. यंदा हिशेब बघणाऱ्या ताई स्वतः बसल्या. पावतीपुस्तकं समोर, एका देणगीदाराला एक ओळ. आधार क्रमांक टाकला की एक्सेल त्याचं १.२३ई+११ असं काहीतरी करून ठेवायचं. मग रकाना आधी 'टेक्स्ट' का करायचा, हे मला शिकवावंच लागलं नाही, त्यांनीच विचारलं. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर हे कळल्यावर शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल त्याच पकडू लागल्या. फिल्टर, सॉर्ट, दुबार नावं शोधणं सगळं त्या ओघात आलं. त्यासाठी कुणी वेगळी फी घेतली नाही.

दुसरं दुखणं फॉन्टचं. जुने अहवाल कृतिदेवसारख्या फॉन्टात आहेत. दुसऱ्या मशीनवर उघडले की नुसती अगम्य चिन्हं. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठल्याही मशीनवर वाचता येतं; त्यासाठी काही विकत घ्यायला नको, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, एवढी रचना ध्यानात आली की हात बसतो. आमच्या तरुण मुलांना मात्र फोनवर बोलून टाइप करायची सवय; त्यांना बसवणं महाकठीण!

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे तू पाहिलेस का? फुकट, मराठीतही आहेत. दहा-दहा मिनिटांचे. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपण तेच करून बघायचं. उतरवून ठेवले की नेटचीही गरज नाही, आणि पावसाळ्यात इथल्या नेटचं तुला माहीतच आहे. एक्सेलसारखंच पण फुकट असलेलं लिबरऑफिस कॅल्क आम्ही त्यावरच शिकतोय, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या परवान्याचा खर्चही वाचला.

खर्च लागतो तो वेळेचा. पाड्यावर फिरणारी कार्यकर्ती बुधवारी दुपारी संगणकापुढे बसली, तर त्या दिवसाचं मानधन कुणी द्यायचं? देणगीदार मुलांच्या वह्यांना पैसे देतात, याला नाही. 'हा तर प्रशासकीय खर्च' म्हणून मोकळे होतात. तुमच्या कंपनीचा सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्या सीएसआरवाल्यांशी बोलणार असशील तर हेच माग: आठवड्यातून एक दुपार, पाच जणींचं मानधन, वर्षभर. प्रशिक्षकांच्या दोन दिवसांपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आणि अधूनमधून रविवारी तू स्वतः ये. शिकवू नकोस, नुसता शेजारी बस आणि माउस हातात घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, दोन मिनिटांत 'द्या, मी करतो' म्हणशील.

येताना चार-पाच साधे वायरवाले माउस आण. टचपॅडवर आमच्या ताईंची बोटं अजून वळत नाहीत. गणपतीच्या आधी जमलं तर बरं, नंतर लेखापरीक्षणाची घाई असते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश