तलावावरच्या सरांना

आदरणीय सर,

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं सर. पण आमच्या दिव्यांग मुलांना तुम्ही पोहायला शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

सांगलीत पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला डबा बांधून कृष्णेत उतरायचं. कमरेखाली ताकद नसलेल्या पोराला तो डबा नडतो. खांदे वर येतात, पाय आणखी खाली जातात, आणि लोंबते पाय ओढण्यातच हात दमतात. तुम्ही पाठीवरचं ओझं काढून मांड्यांमध्ये फोम दिलात. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवायला लावलीत, कारण डोकं खाली गेलं की कंबर वर येते. मग दर पंधरवड्याला ब्लेडनं तो फोम थोडा थोडा कापत आणलात. स्पर्धेत तरंगायचं कुठलंच साधन चालत नाही. फोम एकदम काढला तर पोर घाबरून मान वर करतं आणि पाय पुन्हा बुडतात. बारीक होत गेला तर अंगाला कळतही नाही.

एक पाय नसलेल्या मुलींना भिंतीला पाऊल टेकून मागं वळणं वेगळं शिकवलंत. पाऊल नेहमीच्या जागी टेकलं की रेटा तिरका बसतो आणि पोरगी लेनच्या दोरीवर जाते. पाऊल बेंबीच्या रेषेत टेकायचं, एवढंच. पण ते काठावरून दिसत नाही. तुम्ही डिसेंबरच्या सकाळीही पाण्यात उतरून भिंतीपाशी थांबलात.

ज्या पायांना संवेदना नाही त्यांना खरचटलेलं कळत नाही. म्हणून काठावर जाड मॅट, वर घेताना ओढायचं नाही, दोघांनी उचलायचं, आणि सरावानंतर आरसा धरून टाचा आणि बसायची जागा तपासायची. जखम दिसली तर भरेपर्यंत पाणी बंद. पालकांचा सगळ्यात जास्त राग याच नियमावर, आणि नियम शंभर टक्के बरोबर.

स्पर्धेसाठीच्या वर्गीकरणाचंही तसंच. यूडीआयडी कार्डावरच्या, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावरच्या टक्केवारीवरून एस-१ ते एस-१० यांतला शारीरिक अपंगत्वाचा वर्ग ठरत नाही, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. टेबलावर स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल, मग पाण्यात चाचणी, मग प्रत्यक्ष शर्यतीत पाहणी. ब्रेस्टस्ट्रोकचा वर्ग पुन्हा वेगळा, एसबी. जुन्या रिपोर्टांची फाईल तुम्ही तारखेवार लावून दिलीत आणि मुलांना एकच सांगितलंत: चाचणीत जोर राखून ठेवायचा नाही, आहे तेवढा सगळा लावायचा.

भिंतीवर तुम्ही खडूनं ३७.३३ लिहून ठेवलंय. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या, आपल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची हायडेलबर्गची १९७२ ची वेळ, सेकंदांत, ५० मीटर फ्रीस्टाइल. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. ते पोहले तो तेव्हाचा तिसरा वर्ग म्हणजे आजचा एस-३ नव्हे, हेही तुम्ही लगेच समजावता. तरी पोरं रोज त्या आकड्याला हात लावूनच पाण्यात उतरतात.

जुना फोम आता दोन बोटांएवढा उरलाय. सोमवारी येणाऱ्या नव्या मुलासाठी अख्खा तुकडा आणून कपाटात ठेवला आहे.

तुमचे,
तलावावरचे पालक, सांगली