रस्त्याआधी पाण्याची वाट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

वाटेचा खडीचा रस्ता करायला ट्रॅक्टरला कोणती अवजारं घ्यावीत, म्हणून तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. रोटाव्हेटर, रिअर ब्लेड, रोलर, पुढचा लोडर, आणि खाली बारीक अक्षरात ‘बाबा, अजून काही?’ फोनवर मी ‘बघून सांगतो’ म्हणालो, कारण तिथे माझ्या तोंडून ‘रोटाव्हेटर खोड’ एवढंच निघालं असतं आणि तू लगेच ‘का?’ विचारलं असतंस. तुझं ‘का’ लहानपणापासून एका वाक्यात भागत नाही.

तर आधी रोटाव्हेटर. त्याचं काम माती भुसभुशीत करण्याचं, आणि रस्त्याला तर माती घट्ट हवी. वर्षानुवर्षं बसलेली जमीन तू आधी पोकळ करणार आणि मग तीच दाबत बसणार, असा प्रकार होईल. खडी पडल्यावर चालवलास तर पाती तुटतील आणि दगड कुठेही उडतील. शेतीसाठी पुढे घ्यायचा तर घे, रस्त्याच्या यादीत नको.

आता माझी एक फजिती ऐक. तू दोन वर्षांची असताना मी असाच एक रस्ता केला होता. गवत कापलं, त्याच मातीवर खडी पसरली, वरून ट्रॅक्टर चार वेळा फिरवला, आणि आठ दिवस तुझ्या आईला कौतुकाने दाखवत होतो. दोन पावसाळ्यांत जमिनीने सगळी खडी गिळली. वाहून गेली असती तर कडेला कुठेतरी सापडली असती. ही सरळ खाली गेली. वरच्या थरातल्या मातीत मुळं असतात, कुजलेला पाला असतो. ती पाणी धरून ठेवते आणि मऊ पडते. चाकाचा भार आला की दगड रुततो आणि त्याच्या फटीतून चिखल वर येतो. मी त्यावर पुन्हा खडी टाकली. तीही गेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की खडी टाकण्याआधी ती माती खरवडून काढायला हवी होती.

म्हणून अवजार निवडताना ‘खडी कशाने पसरू’ हा प्रश्न मागे ठेव. माती कशाने काढणार आणि पाणी कशाने वळवणार, हे आधी ठरव. जॉन लाउडन मॅकॅडम नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं: गाडीचा भार शेवटी खालची मातीच उचलते, आणि ती कोरडी असेल तोवरच उचलते. वरच्या दगडांनी त्या मातीवर छप्पर धरायचं. दगडही त्याने ठरवून दिले होते, फोडलेले, धारदार कडांचे, ६ औंसांहून म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून जड नाहीत. असे दगड चाकाखाली एकमेकांत अडकून बसतात. नदीतले गुळगुळीत गोटे कितीही दाबले तरी चाकाखालून सटकतात. क्रशरची खडी मागव, गोटे फुकट मिळाले तरी नको.

आता तुझ्या यादीत नसलेलं अवजार, बॉक्स ब्लेड. एकच घ्यायचं असेल तर मी हे घेईन. तीन बाजूंनी बंद, खालून उघडी अशी लोखंडी पेटी समज. तिला पुढे तोंड केलेलं एक पातं आणि मागे तोंड केलेलं दुसरं, आणि त्यांच्या पुढे खालीवर करता येणारे दात. दात खाली सोडलेस तर कडक जमीन फोडतात. वर घेतलेस तर पेटी माती खरवडते, पोटात धरून नेते आणि उचललीस की सोडते. रिअर ब्लेड म्हणजे ट्रॅक्टरमागचं नुसतं पातं, त्याला हे जमत नाही, त्याच्या दोन्ही टोकांनी माती निसटते.

बॉक्स ब्लेडची सगळी करामत टॉप लिंकमध्ये आहे, म्हणजे अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा, आटे फिरवून लांब-आखूड होणारा दांडा. लिंक आखूड केलीस की पेटी पुढे झुकते, पुढचं पातं आणि दात जमिनीत घुसतात. लांब केलीस की पेटी मागे कलते, पुढचं पातं उचललं जातं आणि मागचं पातं वरून इस्त्री फिरवल्यासारखं सपाट करत जातं. माती काढताना आखूड, शेवटचा हात फिरवताना लांब. पहिल्या दिवशी तू हमखास फार आखूड करशील, ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवेल आणि मागे एक छानसा खड्डा तयार होईल. सगळ्यांचं होतं. दोन आटे सैल कर आणि थोडं थोडं काप.

दुसरी करामत उजव्या लिफ्ट रॉडची, म्हणजे अवजाराची ती बाजू उचलून धरणाऱ्या दांड्याची. तो लांब केला की पेटीची उजवी बाजू खाली जाते. मग रस्त्याची उजवी कड धरून जायचं आणि परतताना पुन्हा आपल्या उजव्या हाताची कड धरून यायचं. दोन्ही वेळा बाहेरची बाजू जास्त कापली जाते आणि मध्ये आपोआप पाठ तयार होते. खडीच्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साधारण ४ टक्के उतार हवा. ३ मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा ६ सेंटीमीटर उंच. डोळ्याला ते जेमतेम दिसतं, पण पाण्याला बरोबर कळतं. डोळ्यावर विसंबू नकोस, दोरी आणि पाणसळ घे.

ब्लेडची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांइतकी हवी, बोटभर जास्त चालेल. अरुंद घेतलंस तर आपल्याच चाकांच्या खुणा मागे राहतात. फार रुंद घेतलंस तर भरल्या पेटीने ट्रॅक्टर दमतो. विकणारे अश्वशक्तीचं बोलतात, पण ओढायच्या कामात ट्रॅक्टरचं वजन आणि टायरची पकड जास्त कामाला येते. ब्लेडही जड बघ. मी एकदा हलकं घेतलं होतं, कडक जमिनीवर ते खणण्याऐवजी नाचायचं. मग त्यावर दगड बांधून काम चालवलं, ते दृश्य तुझ्या आईला अजून आठवतं.

जोडणी मात्र बघून घे. ट्रॅक्टरच्या जोडणीची मापं कॅटेगरीने ओळखतात: कॅटेगरी १ च्या खालच्या लिंकची, म्हणजे अवजार धरणाऱ्या खालच्या दांड्याची, पिन २२ मिलिमीटरची असते, कॅटेगरी २ ची २८ ची. आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात उचलण्याची जी क्षमता लिहिलेली असते, ती कुठे मोजली आहे तेही वाच. लिंकच्या टोकाशी जेवढं उचलतं, तेवढं ६१० मिलिमीटर मागे उचलत नाही, आणि अवजाराचं वजन तर मागेच असतं.

रिअर ब्लेड वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. ते तिरपं वळवता येतं, एका टोकाला झुकवता येतं. त्यामुळे कडेची चारी, म्हणजे पाण्याची चर, काढायला आणि चारीतली माती बाहेर सरकवायला ते उत्तम. सपाटीकरणात मात्र ते फसवतं. ट्रॅक्टरची पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं पातं खाली रुततं, पुढची चाकं खड्ड्यात गेली की पातं उचललं जातं. म्हणजे होता तो उंचसखलपणा ते पुढे छापत जातं, आणि शेवटी रस्ता पन्हळी पत्र्यासारखा दिसतो. चारीचं म्हणशील तर पहिली चर तुझ्याकडच्या पलटी नांगराने मार, उरलेलं बॉक्स ब्लेड झुकवून साफ कर. तेवढ्यावर भागतंय का बघ, मग रिअर ब्लेडचा विचार कर.

रस्ता तयार झाल्यावर दरवर्षी डागडुजी लागेल. त्यासाठी लँड प्लेन म्हणून एक अवजार मिळतं, दोन बाजूंना लांब पट्ट्या आणि मध्ये दोन पाती. लांब पट्ट्या खड्ड्यांवरून पुलासारख्या जातात म्हणून हे बॉक्स ब्लेडपेक्षा सोपं आणि सपाट काम देतं. पण माती वाहून नेणं किंवा चारी काढणं त्याला जमत नाही. रस्ता लांब असेल तर दोन वर्षांनी घे. लाटा पडल्या तर वरून खडी भरू नकोस. लाटेच्या तळापर्यंत कापून मग पसर, नाहीतर महिनाभरात त्याच लाटा तिथेच दिसतील.

लोडरवर तुझा फार भरवसा दिसतो, तर हिशेब करू. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबल्यावर १५ सेंटीमीटर जाड, म्हणजे ४५ घनमीटर. सुटी खडी दाबल्यावर बसते, म्हणून पाव भाग जास्त धर, ५६ घनमीटर. वजनाने ८० टनांच्या पुढे. लहान लोडरच्या बकेटमध्ये ०.३ घनमीटर मावतं असं धरलं, तर १८५ च्या वर फेऱ्या. खडी आणणाऱ्या चालकाला सांग की मागचा फळका थोडाच उघडून गाडी हळू पुढे घे. खडी पट्ट्यात पडत जाते आणि निम्मं काम तिथेच होतं. लोडर असला तर ढीग मोडायला उपयोगी, पण बकेटने कडक जमीन खणू नकोस, ती भरायची वस्तू आहे. भरली बकेट पुढे असताना मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागे वजन लावलेलंच असू दे. बॉक्स ब्लेडच तिथे वजन होतं. आणि जाताना बकेट खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

खाली ४० ते ७५ मिलिमीटरचा दगड, वर २० मिलिमीटर आणि त्याखालची, कच म्हणजे दगडाचा चुरा मिसळलेली खडी. कच नसलेली धुतलेली खडी दिसायला देखणी असते, पण बसत नाही. जिथे जमीन कायम ओलसर तिथे दगडाखाली जिओटेक्स्टाइलचं कापड घाल, ते पाणी जाऊ देतं पण माती आणि दगड वेगळे ठेवतं. माझ्या त्या पहिल्या रस्त्याखाली ते असतं, तर चिखल वर आला नसता.

रोलर विकत घेऊ नकोस, भाड्याने आण, शक्यतो कंपनाचा. दोनतीन दिवसांचं काम आहे, मग वर्षभर तो गंजत पडतो. दबाई थराथराने कर, १० ते १५ सेंटीमीटरचा एक थर, मग पुढचा. एकदम जाड थर टाकलास तर वरच्या भागाचं कवच होतं आणि खालचं पोकळच राहतं. वरच्या खडीतली कच मुठीत दाबून बघ: गोळा झाला आणि बोटांतून पाणी निघालं नाही, म्हणजे ओल बरोबर. भुरभुरली तर पाणी मार.

जीप रुतली, बुंधा काढायचा आहे, असं काही मध्येच निघालं तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्यालाच, बांध, टॉप लिंकच्या जागी किंवा अॅक्सलला कधीच नाही. वरून ओढलं की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तेव्हा सावरायला एक सेकंदही मिळत नाही. रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, उभा आणि पट्टा लावलेला. यावर तुझं ‘का’ मी ऐकणार नाही.

आता लगेच काही विकत घेऊ नकोस. पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन त्या वाटेवर एक चक्कर मार. पाणी कुठून येतं, वाट कुठे ओलांडतं, कुठे साचतं, तिथे खुंट्या ठोक. जिथे ओलांडतं तिथे पाणी रस्त्याखालून नेणारा नळा घालावा लागेल, निदान ३०० मिलिमीटर व्यासाचा आणि त्यावर ३० सेंटीमीटर भराव. हे काम खडीच्या आधीचं. मग मला तीन मापं कळव: मागच्या टायरांच्या बाहेरून बाहेर अंतर, खालच्या लिंकच्या पिनची जाडी, आणि वाटेचा सगळ्यात उभा चढ किती मीटरला किती. चढ फार निघाला तर सगळाच विचार बदलेल. खुंट्यांचे फोटो आईच्या फोनवर पाठव, माझ्या फोनवर नीट दिसत नाही.

तुझे,
बाबा