मैत्रिणीच्या जखमांबद्दल, मुक्तास

प्रिय मुक्ता,

तुझा मेसेज वाचला. हातावरच्या जखमा आपण स्वतःच केल्यात असं मैत्रिणीने तुला सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस असंही बजावलं. हे फोनवर घाईघाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तिला थांबवणं हे तुझं काम नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. तिचं ऐकून घेणं आणि ही गोष्ट एखाद्या जाणत्या, जबाबदार माणसापर्यंत पोहोचवणं, एवढंच तुझ्या हातात आहे. आणि तेवढं पुष्कळ आहे.

‘लक्ष वेधून घ्यायला करतात’ असं लोक सर्रास बोलतात. खरं तर बहुतेक जण हे महिनोन्‌महिने लपवतात. मनातला राग, भीती, अपराधीपणा सोसवेनासा होतो, किंवा उलट आत सगळं बधिर होऊन काहीच जाणवत नाही. अशा वेळी शरीराच्या वेदनेने मनातला कल्लोळ थोडा वेळ मागे पडतो. पण ती सुटका टिकत नाही. मागोमाग लाज येते, लाजेतून पुन्हा ताण वाढतो आणि माणूस त्याच फेऱ्यात अडकतो. म्हणून ओरडणं, शपथा घालणं, ‘आईबाबांचा तरी विचार कर’ म्हणणं, यातलं काहीही उपयोगी पडत नाही. त्याने लाजच वाढते. ‘पुन्हा करणार नाही’ असं वचनही घेऊ नकोस. ते मोडलं तर पुढच्या वेळी ती तुझ्यापासूनही लपवेल.

मग बोलायचं काय? ‘तू मला सांगितलंस हे बरं केलंस. त्या वेळी मनात काय चाललेलं असतं?’ एवढं विचार आणि गप्प राहा. मधे शांतता पडली तर ती भरून काढायची घाई करू नकोस. जखमा दाखव म्हणू नकोस, कशाने केल्या याची चौकशी करू नकोस. तिने आपणहून दाखवल्या तर चेहरा शांत ठेव.

स्वतःला इजा करणारा प्रत्येक माणूस मरायला निघालेला असतो असं नाही. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या मानसिक आजारांच्या नियमावलीतही आत्महत्येचा हेतू नसलेली स्वतःला केलेली इजा अधिक अभ्यासाची गरज असलेली स्वतंत्र अवस्था म्हणून नोंदवली आहे. तरीही अशा माणसांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून अंदाज बांधत बसू नकोस, सरळ विचार: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही भीती चुकीची आहे; उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, त्यातही कसं आणि कधी हे तिने ठरवलेलं असलं, तर तिला एकटीला सोडू नकोस आणि त्याच क्षणी मोठ्यांना बोलाव. तिथे गुपित पाळायचं नाही. हे तिला आधीच सांगून ठेव: ‘तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी सांगणार, आणि तुझ्यापासून लपवून सांगणार नाही.’

ताजी जखम दिसली तर स्वच्छ कापड ठेवून सलग १० मिनिटं दाबून धर. रक्त थांबलं का हे बघायला मधेच उचलू नकोस, त्याने धरलेली गुठळी निघून येते. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्याने धू आणि स्वच्छ पट्टी बांध. भाजलं असेल तर २० मिनिटं नळाचं थंड पाणी. बर्फ किंवा टूथपेस्ट लावायची नाही. १० मिनिटांनंतरही रक्त येत असेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोटं बधिर झाली असतील किंवा हलत नसतील तर लगेच दवाखाना. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारून घ्या. गोळ्या किंवा दुसरं काही पोटात गेलं असेल तर ती कितीही ठणठणीत दिसो, तडक रुग्णालयात न्यायचं. काही औषधांचा घात उशिरा कळतो. उलटी करवू नकोस.

इच्छा उसळते त्या वेळेसाठी दोघी मिळून आधीच काहीतरी ठरवून ठेवा. पहिली १५ मिनिटं टळली की जोर बऱ्याचदा ओसरतो. खोलीतून बाहेर पडणं, माणसांत येऊन बसणं, भरभर चालणं, मोठ्याने वाचणं, यातलं काय लागू पडतं ते तिलाच ठाऊक. इजा करायच्या वस्तू तिच्या संमतीने दुसऱ्या कुणाकडे ठेवता आल्या तर फार बरं. न विचारता खोली धुंडाळली तर मात्र विश्वास तुटेल.

यावर उपचार आहेत हे तिला जरूर सांग. मार्शा लिनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी विकसित केली. तिच्यात दर आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि भावना हाताळायची कौशल्यं शिकवणारा एक गट असतो, आणि हे साधारण वर्षभर चालतं. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो, हे लिनहान यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. मधे एखादी जखम पुन्हा दिसली म्हणजे आधीची मेहनत वाया गेली असं समजू नका.

रात्रभर फोन उशाशी घेऊन जागत बसू नकोस. कुठल्या वेळी तू असशील आणि तू नसताना कुणाला फोन करायचा, हे तिला स्पष्ट सांग. तुलाच ओझं झालं तर तिचं नाव न घेता माझ्याशी बोल.

ती तयार झाली की कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ तिच्याशेजारी बसूनच घ्या, कारण पहिला फोन सगळ्यात जड जातो. तिच्यासोबत जा, बाहेर बस. आत काय बोलणं झालं ते विचारू नकोस.

तुझी,
आई