विभागाच्या कार्यालयीन अधीक्षक मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विभागाचा संशोधक विद्यार्थी कृतज्ञता सप्ताह उत्तम रीतीने पार पडला. समारोपाच्या दिवशी आपला सत्कार करावा, असे संयोजन समितीने एकमताने ठरवले होते. परंतु शाल-श्रीफळाचे पैसे मुलांच्या चहा-नाश्त्याला लावा, असे सांगून आपण तो नाकारला. आपल्या इच्छेचा मान राखून या पत्रातही आपले नाव घेतलेले नाही. तरीही या सप्ताहाला जे रूप आले ते कोणामुळे, हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारातील इतर विभागांना आणि पुढच्या वर्षीच्या संयोजकांना कळले पाहिजे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असा सप्ताह साजरा होतो, आणि आमच्या पहिल्या अर्जातही त्याच तारखा होत्या. आपण अर्ज शांतपणे वाचला आणि एप्रिलमध्ये यायला मोकळे कोण असेल, एवढेच विचारले. आपल्याकडे ते परीक्षांचे दिवस. संशोधक विद्यार्थी पर्यवेक्षणात आणि उत्तरपत्रिकांत गुंतलेले असतात, आणि बाहेरगावी शिकवणाऱ्यांना तर महाविद्यालयातून एका दिवसाची रजासुद्धा मिळत नाही. विद्यापीठाची स्थापना 10 फेब्रुवारी 1949 रोजी झाली. त्या वर्धापन दिनानंतरचा आठवडा निवडावा, ही सूचना आपली होती. त्यानंतर रीतसर टिपणी कशी लिहायची, दरपत्रके कोणत्या क्रमाने जोडायची आणि अग्रिमाचे समायोजन, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेचा हिशेब, वेळेत कसे करायचे, हे आपण आम्हाला शेजारी बसवून शिकवले. मंजुरी एकाही शेऱ्याविना परत आली, याचे श्रेय पूर्णपणे आपले आहे.

परंतु आपली खरी मदत निमंत्रितांच्या यादीपासून सुरू झाली. आमच्या यादीत जी मुले रोज विभागात दिसतात, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात भेटतात, परिसंवादांत बोलतात, त्यांची नावे होती. आपण नोंदणीच्या फायली काढल्या आणि ज्यांचे चेहरे विभाग विसरत चालला होता त्यांची नावे एकेक करून सांगितली. त्यात तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकवून अर्धवेळ पीएच.डी. करणारे होते, क्षेत्रकार्यासाठी गावोगावी फिरणारे होते, आणि सहाव्या वर्षात पोहोचलेले होते. या शेवटच्या गटाविषयी आपण जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी साधारणपणे सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, पण आयोगाची फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षेच मिळते. पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्पन्न प्रबंध लिहिण्याच्या ऐन दिवसांत एकदम थांबते, आणि तेव्हाच तो सर्वांत एकटा पडतो. या मुलांना टपालाने पत्रिका न पाठवता आपण स्वतः दूरध्वनी करून बोलावले. त्यांतील बरेच जण आले. काही जण तर विभागाची पायरी किती तरी काळाने चढत होते.

सप्ताहात व्याख्यान झाले, भित्तिपत्रकांचे प्रदर्शन झाले, शेवटच्या संध्याकाळी गाणीही झाली. ते सारे छानच होते. मात्र ज्या दिवसाविषयी मुले अजून बोलतात तो आपण सुचवलेला कागदपत्रांचा दिवस. कौतुकाच्या आठवड्यात अर्ज-नमुन्यांचे टेबल कशाला, असा प्रश्न समितीत निघाला होता. आपण मात्र सकाळपासून त्या टेबलाशी बसलात, जेवणाच्या सुट्टीतही उठला नाहीत. मुदतवाढीचा अर्ज, सहामाही प्रगती अहवाल, फेलोशिप चालू ठेवण्याचे प्रमाणपत्र, घरभाडे भत्त्याची कागदपत्रे, ज्याचे जे अडले होते ते आपण हातात घेऊन पाहिले. बाळंतपणानंतर संशोधन सोडून देण्याच्या विचारात असलेली एक मैत्रीण त्या दिवशी आली होती. महिला संशोधकांना संपूर्ण पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते, हे तिला तोवर कोणीही सांगितले नव्हते. आपण तिच्याकडून तेथेच अर्ज लिहून घेतला. ती आता पुन्हा काम करीत आहे, आणि हे येथे लिहिण्यास तिची संमती आहे.

मला वाटते, संशोधकाचा गौरव करायचा तर त्याच्या विषयाइतकीच त्याच्या रोजच्या अडचणींचीही माहिती असावी लागते. ती आपल्याला होती, कारण वर्षानुवर्षे आमचे प्रत्येक प्रकरण आपण केवळ आवक-जावक क्रमांकापुरते पाहिले नाही. मार्गदर्शकांचे आभार प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला छापले जातात आणि ते योग्यच आहे. कार्यालयाचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. निदान आमच्या तुकडीच्या प्रबंधांत तसे होणार नाही.

आपल्याला कळवण्यास आनंद होतो की कागदपत्रांचे हे टेबल यापुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मांडण्यास विभागप्रमुखांनी मान्यता दिली आहे. आमच्यापैकी दोघे तेथे बसतील, अर्ज आधी तपासतील, आणि खरोखर अडलेला प्रश्न असेल तेवढाच आपल्याकडे आणतील. आपल्या जेवणाच्या सुट्टीत कोणीही दार वाजवणार नाही, ही जबाबदारी समितीने घेतली आहे.

आपली ऋणी,
संयोजन समितीच्या वतीने
एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे